गटार झाकलं म्हणजे भुयारी होत नाही

कोकणात किनाऱ्यावरच्या नगरपालिकेच्या गावात "तुमच्याकडे भुयारी गटार आहे का?" असं विचारलं की लोक दारासमोरच्या स्लॅब घातलेल्या गटाराकडे बोट दाखवतात. झाकलंय ना, मग भुयारीच की! मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

ते पावसाचं गटार. जून ते सप्टेंबर कोसळणारं पाणी लवकरात लवकर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून खाडीत नेऊन सोडणं, एवढंच त्याचं काम. त्याच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र नसतं. त्यात जे पडेल ते जसंच्या तसं समुद्राला मिळतं. वर स्लॅब घातला की वास जरा कमी येतो आणि स्कूटर लावायला जागा होते, बस्स.

भुयारी गटार म्हणजे मैलावाहिनी. बंद पाइप, बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध, खोल पुरलेला. वर दिसतात ती फक्त चेंबरची झाकणं. संडास, न्हाणी, मोरी यांचं पाणी घरजोडणीतून तिच्यात येतं आणि उताराने, उतार संपला की पंपाने, शुद्धीकरण केंद्रात जातं. मैला तळाशी बसू नये म्हणून पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने वाहायला हवं. पुळणीवरच्या सपाट गावात तेवढा उतार द्यायचा तर पाइप खोल न्यावा लागतो, आणि तिथे थोडं खणलं की पाणी लागतं. सांधे कच्चे राहिले तर भूजल, कधी भरतीचं खारं पाणीही आत शिरतं. पंप विनाकारण जास्त चालतात आणि केंद्रातल्या मैला खाणाऱ्या जिवाणूंनाही तो खारटपणा सोसत नाही.

आपल्या गावाचं काय चाललंय हे बघायचं तर मे महिन्यात गटारात डोकवा. महिनोन्महिने धड पाऊस नाही, विहिरी तळाला गेल्यात, आणि गटारातून मात्र करड्या, साबणाळ पाण्याची धार चालू आहे. ते पावसाचं पाणी कसं असेल? कुणाची तरी मोरी आहे ती. जरा काळपट, घाण वासाचं असेल तर सेप्टिक टाकीचा ओव्हरफ्लो. टाकीत गाळ खाली बसतो, पण बाहेर पडणारं पाणी काही शुद्ध नसतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. गटार समोर असताना खड्डा कोण खणतो? आणि जिथे खणतात तिथे जांभा दगड, त्याच्या भेगांतून ते पाणी शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. पूर्वी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडत, ते काही वाईट नव्हतं.

उलटी चूक मैलावाहिनी झाल्यावर होते. अंगणात पाणी तुंबायला नको म्हणून लोक छपराची पन्हळ सरळ चेंबरमध्ये सोडतात. याचा हिशोब करून बघा. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस, जो जुलैत आपल्याकडे नवलाचा नाही, म्हणजे १०,००० लिटर. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर पाच माणसांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर निघतं. म्हणजे एका छपराचं पाणी अठरा घरांच्या सांडपाण्याएवढं! अशी बरीच छपरं जोडली गेली की केंद्राला पाणी झेपत नाही, सखल भागात चेंबरची झाकणं उचलली जातात आणि मैला रस्त्यावर येऊन शेवटी त्या पावसाच्या गटारातच उतरतो.

म्हणून सुधारणेचे पैसे कुठे जातात ते विचारायला हवं. स्लॅबच्या कामाला नारळ फोडता येतो, घरजोडणीला कोण नारळ फोडणार? पण मुख्य पाइप टाकून घरं जोडलीच नाहीत तर केंद्र कोरडं आणि खाडी घाण, असाच प्रकार होतो.

समुद्रात आंघोळ करण्याजोग्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा आहे १०० मिलिलिटरमागे १०० फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू. आणि व्हाळाच्या तोंडाशी ओहोटीला टोपली घेऊन तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणारी बायका-मुलं असतात. तिसरी जगते ती पाणी गाळूनच. पाण्यात जे असतं ते तिच्यात साठतं, आणि संध्याकाळी तेच कालवणात येतं.