डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (अमेरिकन फुटबॉल)

डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावाचा प्रमुख प्रशिक्षक. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यापेक्षा हा खेळ अगदी वेगळा. यात आक्रमणासाठी अकरा आणि बचावासाठी दुसरेच अकरा खेळाडू असतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की आक्रमणाचे खेळाडू बाहेर येतात आणि बचावाचे आत जातात. या दुसऱ्या ताफ्याने काय करायचे हे बहुतेक संघांत कोऑर्डिनेटर ठरवतो. मुख्य प्रशिक्षक त्याच्या वर असतो. पण तो स्वतः आक्रमणाच्या बाजूचा असेल तर बचावाचा कारभार जवळजवळ पूर्णपणे कोऑर्डिनेटरवर सोपवलेला असतो. एनएफएल या ३२ संघांच्या लीगमध्ये हे पद मानाचे आहे, आणि अस्थिरही. एका वाईट हंगामानंतर माणूस बदलला जाणे इथे नित्याचे आहे.

मैदानावरचे काम

आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. एक प्रयत्न संपला की ४० सेकंदांचे घड्याळ सुरू होते. समोरून कोणते खेळाडू आत आले, कितवा डाउन आहे, किती यार्ड बाकी आहेत, हे सगळे पाहून कोऑर्डिनेटरने तेवढ्या वेळात ‘कॉल’ द्यायचा असतो. पुढच्या फळीत किती जण उभे राहतील, क्वार्टरबॅकवर (आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकणारा खेळाडू) किती जण धावून जातील आणि मागे पास अडवायला कोण कुठे थांबेल, हे त्या एका कॉलमध्ये सांगितलेले असते. सहसा चौघे धावून जातात. पाच किंवा अधिक पाठवले तर तो ‘ब्लिट्झ’. त्यात क्वार्टरबॅकला लवकर गाठता येते, पण मागे माणसे कमी पडतात.

हा कॉल बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर ऐकू जातो. त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. क्वार्टरबॅकला ही सोय १९९४ मध्ये मिळाली, बचावाला मात्र २००८ पर्यंत थांबावे लागले. तोपर्यंत सारे हातवाऱ्यांवर चाले. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी रचना बदलली तर कोऑर्डिनेटर काहीही करू शकत नाही. अकरा जणांनीच एकमेकांना ओरडून सांगत जागा बदलायच्या असतात. म्हणून या पदाचे खरे मोल सरावाच्या महिन्यांत ठरते, असे म्हणायला हवे. टीव्हीवर दिसणारा, तोंडासमोर कागद धरून बोलणारा माणूस हा त्या कामाचा शेवटचा आणि छोटा भाग आहे.

नव्या कोऑर्डिनेटरचे पहिले महिने

नेमणुका बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू घेता येतात, एप्रिलमध्ये ड्राफ्टमधून, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीतून, नवे मिळतात, जुलैअखेरीस शिबिर लागते आणि सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू होतो. नवा माणूस आधी मागच्या हंगामाचे चित्रण पाहतो. संघात कोण आहे, कोण चुकीच्या जागी खेळतो आहे आणि कोणता खेळाडू आणायला हवा, हे त्याला लवकर ठरवावे लागते. त्याबरोबर परिभाषाही बदलते. प्रत्येक कोऑर्डिनेटरची रचनांची आणि इशाऱ्यांची नावे वेगळी असतात, त्यामुळे दहा वर्षे खेळलेला खेळाडूही पुन्हा विद्यार्थी होतो. शिकवायला सोपे जावे म्हणून नवा कोऑर्डिनेटर आपल्या पद्धतीत मुरलेले एक-दोन सहायक सोबत आणतो.

फिलाडेल्फिया ईगल्स, २०२३ आणि २०२४

नव्या कोऑर्डिनेटरने काय बिघडू शकते आणि काय सुधारू शकते, हे ईगल्सच्या लागोपाठच्या दोन हंगामांत पाहायला मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३५–३८ असा हरला. त्या हंगामात ईगल्सच्या बचावाने क्वार्टरबॅकला ७० वेळा चेंडू हातात असतानाच खाली पाडले होते (याला सॅक म्हणतात), पण अंतिम सामन्यात एकदाही ते जमले नाही. कोऑर्डिनेटर जोनाथन गॅनन लगेच ॲरिझोना कार्डिनल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांच्या जागी शॉन देसाई आले. फिलाडेल्फियातल्याच टेम्पल विद्यापीठाचे डॉक्टरेट असलेले देसाई २०२१ मध्ये शिकागो बेअर्सचे कोऑर्डिनेटर झाले होते, आणि एनएफएलमध्ये या पदावर पोहोचलेली भारतीय वंशाची ती पहिली व्यक्ती. ईगल्सने पहिल्या ११ पैकी १० सामने जिंकले, मग ओळीने दोन हरले. तेवढ्यावर, डिसेंबरच्या मध्यात, कॉल देण्याचे काम देसाईंकडून काढून संघातलेच बचावाचे ज्येष्ठ सहायक मॅट पॅट्रिशिया यांना देण्यात आले. हंगाम चालू असताना, दहा विजय खात्यात असताना केलेला हा बदल घातक ठरला. खेळाडू एका शिक्षकाकडे शिकलेले आणि परीक्षा दुसऱ्याच्या हाताखाली देत होते. संघ घसरत गेला, प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात टँपा बे बकनीअर्सकडून ९–३२ असा हरला आणि जानेवारीत देसाई गेले. दोष एकट्या देसाईंच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मग व्हिक फॅन्जिओ आले. पेन्सिल्व्हेनियातल्या डनमोरचे हे गृहस्थ १९८६ मध्येच एनएफएलमध्ये आले होते, आणि शिकागोत देसाई त्यांच्याच हाताखाली काम करत होते. म्हणजे विचारसरणीचे घराणे तेच होते. मागे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे ठेवायचे, लांबचा पास मिळू द्यायचा नाही, ब्लिट्झ क्वचित करायचा आणि चेंडू हलेपर्यंत आपण काय करणार हे क्वार्टरबॅकला कळू द्यायचे नाही, ही त्यांची रीत. तिच्यात दिपवणारे काही नाही. फॅन्जिओंचे मोठेपण माणूस ओळखण्यात दिसले. न्यू ऑर्लीन्समध्ये झॅक बॉन मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक-पंटच्या वेळी उतरणाऱ्या ताफ्यात खेळायचे. ईगल्सने त्यांना एका वर्षाच्या करारावर घेतले आणि फॅन्जिओंनी त्यांना मधल्या फळीत आतल्या बाजूला, लाइनबॅकर म्हणून उभे केले. हंगामाअखेरीस ते ‘ऑल-प्रो’मध्ये, म्हणजे लीगभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत होते.

ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन हे दोन बचावपटू घेतले गेले. चार सामन्यांनंतर ईगल्सचे दोन विजय आणि दोन पराभव झाले होते. टीका सुरू झाली होती. मधल्या सुट्टीच्या आठवड्यानंतर फॅन्जिओंनी नवख्या डिजीनला ‘स्लॉट’मध्ये, म्हणजे कडेचा बचावपटू आणि मधली फळी यांच्यामधल्या जागेत आणले. तिथून पुढचे १० सामने संघ सलग जिंकला. सर्वांत कमी यार्ड देण्यात हा बचाव लीगमध्ये पहिला आला. आधीच्या वर्षी पासने दिलेल्या यार्डांत तो ३१वा होता.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये ५९वा सुपर बोल झाला. समोर पुन्हा चीफ्स आणि त्यांचे क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स. फॅन्जिओंनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघेच धावून जात राहिले, मागे सात जण जागा सांभाळत राहिले आणि माहोम्स सहा वेळा खाली पाडले गेले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा पास डिजीनने पकडला आणि ३८ यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. त्या दिवशी डिजीनचा २२वा वाढदिवस होता. मध्यंतराला ईगल्स २४–० ने पुढे होते, सामना त्यांनी ४०–२२ ने जिंकला.

मुख्य प्रशिक्षकाशी नाते

कोऑर्डिनेटर निवडणे सहसा मुख्य प्रशिक्षकाच्या हाती असते. याला एक प्रसिद्ध अपवाद शिकागो बेअर्सचा. १९८१ च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक जाणार हे दिसू लागले, तेव्हा बचावातल्या खेळाडूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून कोऑर्डिनेटर बडी रायन यांना ठेवण्याची विनंती केली. हॅलसनी ती मानली. १९८२ मध्ये आलेल्या माइक डिटका यांना रायन आयतेच मिळाले आणि दोघांचे कधी पटले नाही. तरी रायन यांच्या ‘४६ डिफेन्स’ने, म्हणजे क्वार्टरबॅकवर सतत दबाव टाकणाऱ्या आक्रमक रचनेने, जानेवारी १९८६ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६–१० असे हरवून सुपर बोल जिंकून दिला. सामन्यानंतर खेळाडूंनी डिटकांबरोबर रायन यांनाही खांद्यावर उचलून नेले.

रायन त्यानंतर ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. बेअर्समध्ये त्यांच्या जागी व्हिन्स टोबिन आले. त्यांनी रायन यांचा धडाकेबाज ४६ बराचसा बाजूला ठेवला आणि खेळ अधिक सावध केला. १९८५ च्या हंगामात रायन यांच्या बचावाने १९८ गुण दिले होते. १९८६ मध्ये टोबिन यांच्या बचावाने १८७ दिले. तो संघ मात्र प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून १३–२७ असा हरला.