थ्रॉटलच्या सर्वोला ताकद कमी, बारकाई जास्त

५० सीसीच्या पेट्रोल इंजिनाचं मॉडेल विमान बांधताना एलेव्हेटर आणि रडर या शेपटीच्या हलत्या भागांना दणकट सर्वो (रेडिओच्या इशाऱ्यावर हात फिरवणारी छोटी मोटर) लावावे लागतात. मग इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटललाही तसाच बसवावा असं वाटतं. पण तिथे फिरवायची असते ती फक्त कार्बोरेटरची बटरफ्लाय झडप आणि तिची स्प्रिंग. फुताबाचा साधा एस३००३ सर्वो ४.८ व्होल्टवर ३.२ किलो-सेंटिमीटर टॉर्क देतो, म्हणजे अक्षापासून १ सेंटिमीटरवर ३.२ किलोचा जोर. झडपेला तो पुरून उरतो.

खरी कसोटी बारीक हालचालीची. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवरून ३,५०० वर आलात, तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे आयडलिंगपासून (इंजिन सर्वांत हळू चालतं तिथून) अर्ध्या फेऱ्यांपर्यंतचा सगळा खेळ झडप जेमतेम किलकिली असतानाच होतो, आणि विमान उतरवताना आपण नेमके तिथेच असतो.

सर्वोला हाताची जागा सांगणारा पल्स साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा असतो. त्यातला फरक फारच लहान असेल तर सर्वो हलतच नाही. ही मर्यादा १० मायक्रोसेकंद धरली, तर पूर्ण प्रवासात १०० पायऱ्या मिळतात. आता झडप जास्त फिरते म्हणून हातातल्या ट्रान्समीटरवर सर्वोचा प्रवास निम्मा केला, तर पायऱ्या ५० च उरल्या! त्यापेक्षा सर्वोला झडपेशी जोडणारी सळई सर्वोच्या हाताच्या आतल्या भोकात लावावी आणि सर्वोचा पूर्ण प्रवास वापरावा. हात आखूड झाल्याने जोरही वाढतो. माझ्या मते महागडा सर्वो घेण्याआधी हे करून पाहावं.

दुसरा शत्रू कंपन. एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन ६,००० फेऱ्यांना सेकंदाला १०० धक्के देतं. त्याने गिअरमध्ये ढिलाई येते आणि हाताची जागा मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरची पट्टी आयडलिंगच्या जागी झिजते. म्हणून सर्वोसोबत आलेले रबरी बूच वापरावेत, त्यातली पितळी नळी रुंद कडा लाकडाकडे ठेवून घालावी. स्क्रू रबर चेपेल इतके आवळू नयेत.

सळई नायलॉनची घ्यावी. स्पार्क प्लगच्या ठिणगीतून रेडिओ गोंगाट निघतो आणि धातूची सळई तो विमानातल्या रिसीव्हरच्या दिशेने वाहून नेऊ शकते.

पहिल्या उड्डाणाआधी, इंजिन बंद असतानाच, थ्रॉटल अर्धा उघडून ट्रान्समीटर बंद करावा. झडप आपणहून आयडलिंगला गेली नाही, तर रिसीव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर झडप आपोआप आयडलिंगला नेणारी सोय) नीट लावल्याशिवाय इंजिनला हात लावू नये.