मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्यानांची पार्श्वभूमी

महाविद्यालयात ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, व्याख्यान ठेवले की वक्ता बहुधा कागद अडकणाऱ्या एका प्रिंटरपासून सुरुवात करतो. ही हकिकत १९८० च्या सुमाराची, अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतली आहे. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतः सुधारून घेतला होता; झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, मात्र मिळेना, आणि तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त संगणक प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. ऑक्टोबर १९८६ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळाने त्यांना बोलावले, तेव्हा त्या व्याख्यानातही ही हकिकत होती, आणि त्याचे शब्दांकन आजही वाचायला मिळते.

१९९१ च्या सुमारास हेलसिंकीत झालेल्या त्यांच्या अशाच एका व्याख्यानाला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी हजर होता. त्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या लिनक्स कर्नलची, म्हणजे संगणक प्रणालीच्या गाभ्याची, घोषणा केली आणि १९९२ च्या आरंभी तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली (सुधारित प्रती वाटतानाही कोड खुला ठेवण्याची अट घालणारा परवाना) आणला. हा केवळ त्या भाषणाचा परिणाम मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण ज्या जीसीसी कंपायलरवर (सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) त्याचे काम उभे होते तोही ग्नूचाच होता.

‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यानंतरचा, फेब्रुवारी १९९८ चा. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचे ठरवल्यावर कॅलिफोर्नियातील एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी तो सुचवला. इंग्रजी ‘फ्री’चा अर्थ उद्योगजगत ‘फुकट’ असा घेई, ही त्यामागची अडचण होती. परंतु स्टॉलमन यांच्या मते नव्या शब्दाने स्वातंत्र्याचा प्रश्नच बाजूला पडला, आणि हा वाद व्याख्यानांतून अजूनही डोकावतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द मुळातच वेगळे असल्यामुळे ही कसरत आपल्याला करावी लागू नये. तरी आपले वक्ते ‘फ्री’ म्हणतात आणि मग पाच मिनिटे त्याचा खुलासा करत बसतात.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर मे २००३ मधील पुण्याचे भाषण महत्त्वाचे आहे. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्याशी या विषयावर झालेल्या मतभेदाचा उल्लेख करून, भारतासारख्या मोठ्या लोकसंख्येच्या देशाला मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची गरज असल्याचे सांगितले. राष्ट्रपतींनीच हे म्हटल्यामुळे हौशी मंडळींच्या या विषयाला वेगळे वजन आले. पुढे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने वक्त्याचीही गरज कमी केली: सुमारे दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींत पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो, पण लिनक्स किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा समजावणारा आवाज मराठीतही ऐकता येतो.