‘पॉइंट फिफ्टी’ माणसावर चालवायला बंदी? छे!

अमेरिकन बनावटीची ब्राउनिंग एम-२ ही १२.७ मिमीची (म्हणजे ०.५० इंची, म्हणून ‘पॉइंट फिफ्टी’) जड मशीनगन शत्रूच्या सैनिकावर रोखणं जिनिव्हा कराराने बेकायदा आहे, ती फक्त गाड्या-विमानांवर चालवायची, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. वर ‘मी माणसावर नाही, त्याच्या पट्ट्याच्या बकलावर नेम धरला’ हा विनोदही ठरलेला.

कुठल्याही करारात असं कलम नाही. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर, तर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. एम-२ ची साधी गोळी यातल्या कशातच बसत नाही.

इतिहासही हेच सांगतो. २६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधल्या होल्त्सविरजवळ अमेरिकन सैनिक ऑडी मर्फी पेटलेल्या रणगाडाभेदी गाडीवर चढला आणि तिच्यावरच्या याच मशीनगनने त्याने जर्मन पायदळ रोखून धरलं. यासाठी त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, खटला भरला गेला नाही! व्हिएतनाममध्ये १९६७ साली अमेरिकन स्नायपर (लांबून नेम धरणारा सैनिक) कार्लोस हॅथकॉकने तर एम-२ वर दुर्बीण बसवून सुमारे २,२८६ मीटरवरून माणूस टिपला.

मग ही अफवा आली कुठून? एक पटण्याजोगा खुलासा १०६ मिमी रिकॉइललेस (मागे झटका न देणाऱ्या) तोफेकडे बोट दाखवतो. (१९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी रणगाडे फोडले ते याच जातीच्या तोफेने.) तिच्यावर नेम तपासायला १२.७ मिमीचीच छोटी रायफल असते. ती उगाच सैनिकांवर झाडली तर तोफेची जागा उघडी पडणार; म्हणून ‘माणसांवर नको’ ही ताकीद. कायद्याचा संबंध नाही, निव्वळ डावपेच.