५५५ वर आळ घेण्याआधी

५५५ या टायमर चिपवर चालणाऱ्या सर्किटमध्ये एलईडी लुकलुकत नाही म्हटलं की पहिला संशय या आयसीवर जातो. सर्किटमध्ये दुसरं असतं तरी काय? दोन रेझिस्टर, एक-दोन कपॅसिटर आणि चार वायरी. त्यांच्यात बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं आणि पंचवीसेक ट्रान्झिस्टर पोटात घेऊन बसलेली आठ पायांची काळी चिप तर आतून दिसतच नाही. मग ती काढून दुसरी लावायची, दुसरीही चालली नाही की ‘अख्खा लॉटच खराब’ म्हणून मोकळं व्हायचं. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ५५५ टायमर इतकी स्वस्त मिळते की तिची चौकशी करायची तसदी कुणी घेत नाही. मला हे मनापासून खटकतं. बहुतेक वेळा चिप निर्दोष असते आणि दोष तिच्या शेजाऱ्यांत असतो. तो कुठे आहे, हे सांगायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. मात्र त्याआधी चिपच्या पोटात काय चालतं ते माहीत हवं.

हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने १९७१ साली सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी ही चिप आखली. १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही बनते आहे. तिच्या मुळाशी एक देखणी कल्पना आहे. सिलिकॉनवर नेमक्या किमतीचा रेझिस्टर बनवणं अवघड, पण शेजारी शेजारी बनवलेले तीन रेझिस्टर एकमेकांशी तंतोतंत जुळतात. चुकले तर तिघेही सारखेच चुकतात. ५५५ मध्ये असे प्रत्येकी सुमारे ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर ओळीने जोडलेले आहेत, आणि ते सप्लायचे तीन समान भाग करतात. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर खूण पडते ३ व्होल्टवर आणि ६ व्होल्टवर. आपण बाहेरून लावलेला कपॅसिटर चार्ज होत ६ च्या वर गेला की आउटपुट बंद होतं आणि सातव्या पिनमागचा (पिन म्हणजे चिपचा पाय) ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करू लागतो. व्होल्टेज ३ च्या खाली उतरलं की आउटपुट पुन्हा चालू. बॅटरी उतरून ८ व्होल्टवर आली तर दोन्ही खुणा त्याच प्रमाणात खाली येतात, कपॅसिटर भरण्याचा जोरही तेवढाच कमी होतो आणि वेळ तसाच राहतो. म्हणूनच वेळेच्या सूत्रांत व्होल्टेज कुठेच येत नाही. एकदाच वाजून थांबणाऱ्या टायमरचा वेळ १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, बस्स.

तपासायला सुरुवात करताना मी कपॅसिटर मोठा करतो. सेकंदाला शंभर वेळा काय घडतं ते मीटरवर दिसणार नाही. १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावले की साधारण दहा सेकंदांचं एक चक्र होतं, आणि मग मीटरचे आकडे चढता-उतरताना बघता येतात.

मीटरचं टोक ब्रेडबोर्डच्या (भोकांत पाय खुपसून सर्किट जोडायच्या पाटीच्या) पट्टीवर नको, चिपच्या पायावरच टेकवायचं. काही लांब ब्रेडबोर्डांवर सप्लायची पट्टी मध्येच तुटलेली असते. पट्टीच्या या टोकाला ९ व्होल्ट आणि आठव्या, म्हणजे सप्लायच्या पिनवर शून्य, असं सर्रास दिसतं. मग पाचवी पिन बघायची. आतल्या रेझिस्टरांमध्ये डोकावायची ती खिडकी आहे. तिथे सप्लायच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास मिळायलाच हवेत. शून्य मिळाले तर त्या पिनवरचा छोटा कपॅसिटर शॉर्ट असेल किंवा चिप उलटी बसली असेल. उलट्या चिपचीही एक गंमत आहे. नेहमीच्या लुकलुकत्या सर्किटमध्ये चौथी आणि आठवी पिन एकत्र सप्लायला जोडलेली असते, कपॅसिटरच्या व्होल्टेजवर नजर ठेवणारी दुसरी आणि सहावीही एकत्र. चिप उलटी फिरवली की या जोड्या फक्त आपसांत जागा बदलतात, आणि ग्राउंडच्या (पहिल्या पिनच्या) भोकात पाचवी पिन येऊन बसते. म्हणून उलटी बसलेली चिप लगेच फेकू नका. आधी सरळ बसवून बघा.

चौथी पिन रिसेटची, म्हणजे आउटपुट बंद पाडणारी. ती मोकळी सोडली तर सर्किट कधी चालतं, कधी नाही, आणि हात जवळ नेला की वागणं बदलतं. ती सरळ सप्लायला जोडावी. एकदाच चालणाऱ्या टायमरमध्ये तो सुरू करणारी दुसरी पिन मोकळी राहिली तरी हेच होतं. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण तिच्या वायरीत शिरते आणि बटण न दाबताच टायमर सुरू होतो. १० किलोओहमचा एक रेझिस्टर सप्लायकडे लावला की ही भुताटकी थांबते.

सगळ्यात जास्त निष्पाप चिपा बळी जातात त्या लांब वेळेच्या सर्किटांत. समजा जवळपास दोन मिनिटं हवीत म्हणून १ मेगाओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावले. कपॅसिटर ६ व्होल्टच्या खुणेजवळ पोहोचतो तेव्हा रेझिस्टरवर उरतात फक्त ३ व्होल्ट, म्हणजे त्यातून येतात जेमतेम ३ मायक्रोअँपिअर. त्यातलाही थोडा वाटा चिपची सहावी पिन घेते. आणि एवढा मोठा कपॅसिटर बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचा, म्हणजे आतून थोडा करंट गळू देणारा असतो. १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या साध्या कपॅसिटरसाठी अनेक उत्पादक १६ मायक्रोअँपिअरपर्यंतची गळती चालवून घेतात. प्रत्यक्षात ती पुष्कळदा खूपच कमी असते, पण डब्यात वर्षानुवर्षं पडलेल्या कपॅसिटरची खात्री देता येत नाही. भोक पडलेल्या टाकीत नळाची बारीक धार सोडली तर पाणी एका पातळीला येऊन थांबतं, तसा हा कपॅसिटर ४-५ व्होल्टवर येऊन अडकतो. ६ ची खूण कधी येतच नाही, आउटपुट चालूच राहतं आणि शिव्या खाते चिप! आणखी गोंधळ असा, की सर्किट तासन्‌तास चालू ठेवलं की जुन्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर हळूहळू पुन्हा तयार होतो, गळती कमी होते आणि काल न चाललेलं सर्किट आज चालू लागतं. अशा वेळी रेझिस्टर लहान ठेवावा. वेळ बराच लांबवायचा असेल तर ५५५ ऐवजी ४०६० सारखी मोजणारी चिप वापरावी.

याच ठिकाणी मीटरही फसवतो. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. तुमचा रेझिस्टरही १० मेगाओहमचा असेल, तर सहाव्या पिनवर मीटर लावताक्षणी दोघांत व्होल्टेज निम्मं वाटलं जातं. ९ चे होतात साडेचार, आणि जोवर मीटर लावलेला आहे तोवर टायमर संपणारच नाही. अशा सर्किटमध्ये तिसऱ्या, म्हणजे आउटपुटच्या पिनवरूनच अंदाज घ्यावा.

पण ५५५ चा एक दोष खरोखर तिचा स्वतःचा आहे. आउटपुट पालटताना वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर क्षणभर दोन्ही चालू असतात आणि सप्लायमधून शेकडो मिलिअँपिअरचा झटका जातो. शेजारी ठोके मोजून एकेक दिवा लावणारी ४०१७ चिप लावून पळते दिवे केले असतील तर ते एक पाऊल टाकायच्या ऐवजी दोन टाकतात, ते बऱ्याचदा याच झटक्यामुळे. चिपच्या अगदी अंगाला, पहिल्या आणि आठव्या पिनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा. हे दोन कपॅसिटर ऐच्छिक आहेत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

चिप खरंच मरते ती दोन कारणांनी. वेळ बदलायला लावलेला पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) शून्यावर फिरवला की सातवी पिन थेट सप्लायला भिडते आणि आतला ट्रान्झिस्टर जळतो. त्याच्या ओळीत १ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवलाच पाहिजे. दुसरं कारण रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच. बंद होताना त्याची कॉइल उलटा धक्का देते. तिच्यावर उलटा जोडलेला एक डायोड नसेल तर चिप किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही.

आता शेवटची तपासणी. कपॅसिटर काढून टाका. दुसरी आणि सहावी पिन एकत्रच राहू द्या आणि १ किलोओहममधून ग्राउंडला जोडा. तिसरी पिन चालू झाली पाहिजे. मग तोच रेझिस्टर सप्लायला जोडा. तिसरी पिन बंद, आणि सातवी शून्याजवळ आली पाहिजे. दोन्ही वेळा असंच घडलं तर चिप ठणठणीत आहे, शोध दुसरीकडे घ्या. नाही घडलं, आणि आठव्या व चौथ्या पिनवर सप्लाय आहे याची खात्री असेल, तर मात्र चिप दोषी.

एक शक्यता तरी उरते. चिप चांगली असते, पण तिच्यावर छापलेलं असतं तसली नसते. साधी एनई५५५ पाच व्होल्टवर काही न चालवता ३ ते ६ मिलिअँपिअर खाते. त्याच टायमरची सीमॉस जातीची आवृत्ती ७५५५ त्याच्या कित्येक पटींनी कमी, मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपास. साधी ५५५ आउटपुटमधून २०० मिलिअँपिअर देऊ शकते, म्हणून छोटा रिले सरळ ओढते. सीमॉसवाली देते फार थोडं. सीमॉसवालीवर साध्या ५५५ चं नाव पडलं की एलईडी लुकलुकतो पण रिले हलत नाही. आठव्या पिनच्या ओळीत मीटर लावून करंट मोजला की जात कळते. नवीन आणलेल्या चिपांपैकी एखादी तरी अशी मोजून घ्यावी, आणि दोषी ठरलेल्या चिपेचे पाय कापून टाकावेत, म्हणजे ती चुकून पुन्हा चांगल्या चिपांच्या डबीत जाणार नाही.