प्रत ५.७ असूनही एम ३३ का हुलकावणी देते?

प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी. म्हणून दीर्घिकेच्या प्रतीचा आकडा जितका लहान, तितकी ती दुर्बिणीतून सहज सापडते, हे सर्रास सांगितलं जातं. ताऱ्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. दीर्घिकांना तोच नियम लावला की नवखे निरीक्षक हमखास निराश होतात.

त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ या दीर्घिकेची प्रत ५.७. देवयानी दीर्घिकेची छोटी सोबतीण दीर्घिका एम ३२ ची ८.१. म्हणजे एम ३३ कडून साधारण नऊपट जास्त प्रकाश येतो. तरीही शहराच्या उजेडात एम ३२ छोट्या दुर्बिणीतून दिसते आणि एम ३३ चा मागमूस लागत नाही. कारण तो आकडा एकूण प्रकाशाचा असतो. एम ३२ मध्ये तो इवल्याशा ठिपक्यात एकवटलेला आहे, तर एम ३३ मध्ये पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट लांबीवर पातळ पसरलेला.

म्हणून दीर्घिकांच्या यादीत प्रतीसोबत आकारही बघा, तो फार महत्त्वाचा. एम ३३ साठी अंधारं आकाश निवडा आणि वीस-तीसपटच मोठेपणा (वर्धन) ठेवा. जास्त मोठेपणामुळे दीर्घिकेभोवतीचं काळं आकाश नजरेत आलं नाही, तर तिची कडाच कळत नाही. डोळे अर्धा तास अंधाराला सरावू द्या, मग थेट न बघता किंचित बाजूला बघा. दुर्बिणीला हलकी टिचकी मारली तर हलणारा धूसर डाग चटकन जाणवतो.

खात्री हवी? मोठेपणा वाढवून केंद्राच्या ईशान्येला एनजीसी ६०४ शोधा. दुसऱ्या दीर्घिकेतला हा तेजोमेघ मध्यम दुर्बिणीतूनही दिसतो.