स्वाती दांडेकर आणि आयोवाच्या सिनेटमधली एक जागा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या माजी सिनेटर स्वाती दांडेकर यांचं नाव निघालं की आधी ‘पहिल्या’पणाची चर्चा होते: तिथल्या राज्य विधिमंडळात निवडून आलेल्या भारतीय वंशाच्या पहिल्या व्यक्ती, अशी. प्रत्यक्षात कुमार बर्वे 1990 मध्येच मेरिलँडच्या विधिमंडळात निवडून आले होते आणि 2001 मध्ये उपेंद्र चिवुकुला न्यू जर्सीत. दांडेकरांची कारकीर्द समजून घ्यायला मात्र या मानाची गरज नाही. राज्याच्या राजकारणात एका जागेला केवढी किंमत येऊ शकते, हे या कारकिर्दीतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

जन्म नागपूरचा, शिक्षण नागपूर आणि मुंबई विद्यापीठांत. 1973 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि पुढे आयोवातल्या मॅरियन या गावी स्थिरावल्या. सीडर रॅपिड्सला खेटून असलेलं हे गाव. मक्याच्या शेतीचा, बहुसंख्य गोऱ्या वस्तीचा हा मुलूख. तिथे भारतीय नावाच्या उमेदवाराच्या पाठीशी हक्काची अशी मतपेढी नव्हती. त्यांची सुरुवात झाली ती 1996 मध्ये, लिन-मार शाळा मंडळावर निवडून येऊन. आपल्याकडे जिल्हा परिषदेतून आमदारकीची वाट फुटते, तशी तिकडे ती अनेकदा शाळा मंडळातून फुटते. आयोवात या पदाला पगार नाही, पण शाळांचं अंदाजपत्रक याच मंडळाच्या हाती असतं. गावातल्या पालकांना माणूस जोखता येतो तो इथे.

2002 मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आयोवा विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या. ऐन प्रचारात रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याचा एक ईमेल बाहेर आला. मी आयोवात राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणत वाढले, तेव्हा स्वाती भारतात जातिव्यवस्थेखाली वाढत होती, असा त्याचा आशय होता. मोठं वादंग उठलं. मतदारांनी दांडेकरांनाच निवडून दिलं. शाळेच्या बैठकांमध्ये सहा वर्षं पाहिलेली बाई परकी आहे, हे लोकांच्या गळी उतरणं कठीणच होतं, असं मला वाटतं.

2008 मध्ये त्या आयोवाच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात गेल्या. ही जागा आधी रिपब्लिकनांकडे होती, आणि पुढच्या सगळ्या नाट्याचं मूळ तिथेच आहे. 2010 च्या निवडणुकीत गव्हर्नरपद, म्हणजे राज्य सरकारचं प्रमुखपद, टेरी ब्रॅन्स्टॅड यांच्याकडे, म्हणजे रिपब्लिकनांकडे गेलं. कनिष्ठ सभागृहही 60 विरुद्ध 40 असं त्यांचंच झालं. डेमोक्रॅटांच्या हाती उरलं फक्त सिनेट, तेही 26 विरुद्ध 24. समलिंगी विवाहाला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एकमुखाने मान्यता दिली होती. तो निकाल फिरवणारी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहाने मंजूर केली, पण सिनेटमधले बहुमताचे नेते माइक ग्रोन्स्टॉल ती मतदानालाच येऊ देत नव्हते. अशी दुरुस्ती लागोपाठ दोन विधिमंडळांत, दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याशिवाय लोकमताला जात नाही. थोडक्यात, हजारो जोडप्यांचे संसार त्या 26 खुर्च्यांवर टेकलेले होते.

सप्टेंबर 2011 मध्ये ब्रॅन्स्टॅड यांनी दांडेकरांना वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं. या तीन सदस्यांच्या मंडळात एका पक्षाचे दोनपेक्षा जास्त लोक नसावेत, असा कायदा आहे. त्यामुळे गव्हर्नरने विरोधी पक्षाचा माणूस घेणं यात वावगं काही नव्हतं. पण नेमकी काठावरच्या बहुमतातली सिनेटर निवडणं ही सरळ खेळी होती. दांडेकरांनी पद स्वीकारून राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत जागा हातची गेली असती, तर सिनेट 25-25 वर अडकलं असतं. 8 नोव्हेंबरला टीव्हीवरच्या माजी वृत्तनिवेदिका लिझ मॅथिस डेमोक्रॅटांकडून जिंकल्या आणि बहुमत वाचलं.

आमदाराने पुढचं पद घेणं हा गुन्हा नाही, पण वेळ चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्षातल्या लोकांनीही टीका केलीच. 2013 मध्ये बोर्ड सोडून त्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवारीसाठी उतरल्या, तेव्हा तो राजीनामा पुन्हा चर्चेत आला. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या 2014 च्या पाच जणांच्या प्राथमिक निवडणुकीत पॅट मर्फी जिंकले. त्यानंतर 2015 मध्ये ओबामांनी मनिलातल्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून दांडेकरांचं नाव सुचवलं. या पदाला राजदूताचा दर्जा आहे. मॅथिस यांनी राखलेली ती सिनेटची जागा मात्र पुढेही अनेक वर्षं त्यांच्याकडेच राहिली.